स्मार्ट सहाय्यकाला वायरलेस स्पीकर जोडताना या चुका टाळा

सकाळी साडेपाचला आई उठते, चूळ भरते आणि स्वयंपाकघरात जाता जाता माजघरातल्या डबीला, म्हणजे अॅमेझॉनची अलेक्सा ही बोलकी सहाय्यक असलेल्या एको डॉट या छोट्या स्पीकरला, सांगते, "अलेक्सा, प्ले भीमसेन जोशी अभंग." एवढं वाक्य तिनं पाठ केलं आहे. नजर अधू झाल्यापासून मोबाइलवरची अक्षरं तिला दिसत नाहीत, त्यामुळे रेडिओ, घड्याळ आणि गाणी या तिन्हींसाठी तिचा आधार म्हणजे ती डबी आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचा ब्लूटूथ स्पीकर.

दिवाळीत घर भरलेलं होतं. एका सकाळी तिनं नेहमीप्रमाणे सांगितलं आणि अभंग सुरू झाले, पण माजघरातल्या डबीतूनच, बारीक आवाजात. स्वयंपाकघरातला स्पीकर गप्प. तिनं चाचपडत त्याचं बटण दाबलं. स्पीकरनं 'टिंग' केलं. म्हणजे जोडला गेला, असं समजून ती थांबली. तरी आवाज नाही. मी उठून बघेपर्यंत तिनं तीन वेळा बंद-चालू करून पाहिलं होतं आणि दर वेळी तो टिंग म्हणत होता.

आदल्या रात्री भाचीनं त्याच स्पीकरवर तिच्या मोबाइलवरून गाणी लावली होती. स्पीकर चालू झाला की शेवटी ज्याच्याशी जोडला होता त्याला आधी शोधतो. भाचीचा मोबाइल शेजारच्या खोलीत उशीखाली होता, त्याचं ब्लूटूथ चालू होतं. स्पीकर इमानदारीनं तिकडे जाऊन जोडला जात होता. काहीच बिघडलं नव्हतं.

टिंग झालं म्हणजे स्पीकर जोडला गेला हे खरं, पण कोणाला जोडला गेला हे त्या आवाजातून कळत नाही. नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या घरी मी आजवर जेवढे असे स्पीकर जोडून दिले, त्यातल्या बहुतेक तक्रारी इथेच येऊन थांबल्या. म्हणून दुरुस्तीला बसताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा स्पीकर आत्ता कोणाकडे आहे?

मोबाइलला स्पीकरची चव लावणे

नवा स्पीकर घरी आला की पहिली गोष्ट आपण काय करतो? मोबाइलला जोडून आवाज बघतो. साहजिक आहे. पण त्याच क्षणी मोबाइलचं नाव स्पीकरच्या स्मरणात पहिलं बसतं, आणि पुढे सहाय्यकाला जोडताना हीच पहिली ओळख आडवी येते. साधे ब्लूटूथ स्पीकर एका वेळी एकाचंच ऐकतात. काही मॉडेल दोन मोबाइल एकदम धरून ठेवतात, तिथे तर गोंधळ आणखी वाढतो, कारण एका मोबाइलवर व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ सुरू झाला की अभंग मध्येच थांबतात.

यावर उपाय नुसता 'डिस्कनेक्ट' नाही. डिस्कनेक्ट केलेला मोबाइल पुढच्या वेळी परत झडप घालतो. मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत स्पीकरच्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवून 'फर्गेट' किंवा 'अनपेअर' करायचं. घरातल्या प्रत्येक मोबाइलवर, टॅबवर आणि लॅपटॉपवर. टीव्हीही विसरू नका. आजकालच्या बऱ्याच टीव्हींना ब्लूटूथ असतं आणि कोणीतरी कधीतरी सिनेमा बघताना तो स्पीकर टीव्हीला जोडलेला असतो.

मग स्पीकर पेअरिंगवर टाकायचा. इथे दुसरी गफलत होते. स्पीकर चालू करणं आणि पेअरिंगवर टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता चालू केलेला स्पीकर जुन्या ओळखीच्यांना शोधतो. नव्या उपकरणाला तो दिसत नाही. ब्लूटूथचं बटण बहुतेक मॉडेलवर तीन ते पाच सेकंद दाबून धरावं लागतं. निळा दिवा जलद लुकलुकायला लागला की तो नव्या ओळखीला तयार आहे असं समजा. दिवा स्थिर असेल तर तो आधीच कोणाच्या तरी हातात आहे. ही लुकलुक दोन-तीन मिनिटांनी आपोआप थांबते, म्हणून आधी सहाय्यकाच्या ॲपमध्ये नवं उपकरण जोडायच्या पानापर्यंत जाऊन ठेवा आणि मग बटण दाबा.

जोडी उलटी लावणे

ही चूक हुशार माणसांकडूनही होते, कारण तिथे पडद्यावर सगळं बरोबर दिसतं.

ब्लूटूथवरून गाणं जातं तेव्हा एक टोक पाठवणारं असतं आणि दुसरं घेणारं. मोबाइल पाठवतो, स्पीकर घेतो, इतकं सरळ. पण एकोसारखी डबी दोन्ही कामं करू शकते. मोबाइलवरचं गाणं स्वतःतून वाजवायचं असेल तर ती घेणारी होते. स्वतःचं गाणं बाहेरच्या स्पीकरवर पाठवायचं असेल तर पाठवणारी. आता एखादा माणूस मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत जातो, तिथे डबीचं नाव दिसतं, तो दाबतो, 'कनेक्टेड' येतं. त्याला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात त्यानं मोबाइल डबीला जोडला. स्पीकर अजून बाहेरच उभा आहे.

म्हणून हे लक्षात ठेवा: सहाय्यकाला बाहेरचा स्पीकर जोडताना मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जायचंच नाही. सगळं काम सहाय्यकाच्या ॲपमधून करायचं. अलेक्साच्या ॲपमध्ये 'डिव्हाइसेस', तिथे तुमचा एको, त्याच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ आणि मग 'पेअर अ न्यू डिव्हाइस'. ॲप अपडेट होईल तसे मेनूतले शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण वाट हीच. तोंडी सांगायचं तर "अलेक्सा, पेअर" म्हटलं की ती आजूबाजूला शोधायला लागते. एकदा ओळख झाली की पुढे "अलेक्सा, कनेक्ट टु" आणि स्पीकरचं नाव, किंवा "अलेक्सा, डिस्कनेक्ट". यासाठी मोबाइल हातात लागत नाही, आणि आईसारख्या माणसांसाठी तोच खरा फायदा आहे.

एकोच्या ब्लूटूथ यादीत घरातले चार मोबाइल साठले असतील तर तेही काढून टाका. नुसतं "अलेक्सा, कनेक्ट" म्हटल्यावर ती सगळ्यात अलीकडे जोडलेल्या उपकरणाकडे वळते, आणि ते उपकरण स्पीकरच असावं अशी व्यवस्था आपण करून ठेवली की सकाळची धावपळ वाचते.

गूगलची रीत आणि अलेक्साची रीत एकच समजणे

दोन्ही बोलतात, दोन्ही ऐकतात, पण बाहेरचा स्पीकर जोडल्यावर दोघांचं वागणं वेगळं असतं.

एकोला ब्लूटूथ स्पीकर जोडला की जवळजवळ सगळाच आवाज तिकडे जातो. गाणंही आणि अलेक्साचं उत्तरही. तुम्ही माजघरात उभं राहून वेळ विचारली तर उत्तर स्वयंपाकघरातून येतं. काहींना हे आवडतं, काहींना विचित्र वाटतं.

गूगलच्या नेस्ट मिनीसारख्या स्पीकरमध्ये मात्र गाणी बाहेरच्या स्पीकरवर जातात आणि सहाय्यकाचं बोलणं त्याच्या स्वतःच्या तोंडून येतं. "गाणी तिकडून येतात, पण हवामान विचारलं की आवाज छोट्यातूनच, पेअरिंग अर्धवट झालं वाटतं," असं म्हणून एका ओळखीच्या काकांनी दोनदा सगळं पुसून नव्यानं लावलं होतं. ते अर्धवट नव्हतं. ती रचनाच तशी आहे. गूगल होमच्या ॲपमध्ये त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ', मग 'डीफॉल्ट म्युझिक स्पीकर' इथे ही जोडणी असते. तिच्या नावातच ती फक्त संगीतासाठी आहे हे लिहिलेलं आहे. स्पीकरचं ब्लूटूथ 2.1 किंवा त्यापुढचं असावं लागतं. अगदी जुनाट स्पीकर सोडले तर ही अट सहसा पूर्ण होते.

पिन मागणारे स्पीकर मात्र एकोला जोडता येत नाहीत. जोडताना चार अंकी आकडा टाकायला सांगणारा जुना होम थिएटर किंवा मेळ्यात घेतलेला मोठा खोका असेल तर ब्लूटूथच्या नादी लागू नका. त्यासाठी तारेचा रस्ता आहे, त्याकडे शेवटी येतो.

टीव्हीखालचा लांबट साउंडबार असेल तर त्याचा सोर्स, म्हणजे तो आवाज कुठून घेतोय, ते आधी बघा. तो एचडीएमआयवर किंवा ऑप्टिकलवर ठेवलेला असेल तर ब्लूटूथ ऐकणारच नाही. रिमोटवर 'बीटी' लिहिलेलं बटण असतं.

स्पीकर डबीला खेटून ठेवणे

टीपॉयवर दोन्ही शेजारी शेजारी मांडले की दिसायला छान दिसतात. पण मोठ्यानं गाणं लागलं की "अलेक्सा, स्टॉप" ओरडून घसा बसतो आणि ती ऐकत नाही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ही डबी स्वतःच्या स्पीकरमधून गाणं वाजवत असताना आपण काय वाजवतोय आणि कधी वाजवतोय हे तिला नेमकं माहीत असतं. माइकवर येणाऱ्या आवाजातून ती तेवढं वजा करते, आणि उरलेल्यात तुमची हाक शोधते. बाहेरचा ब्लूटूथ स्पीकर आला की गाणं पाठवणं आणि ते प्रत्यक्ष वाजणं यात थोडा उशीर पडतो, आवाजाचा पोतही त्या स्पीकरचा होतो. वजाबाकी नीट जमत नाही. माइकच्या कानाशी कोणी दुसराच गातोय अशी तिची अवस्था होते.

अॅमेझॉनची सूचना एको आणि ब्लूटूथ स्पीकर यांच्यात किमान तीन फूट अंतर ठेवण्याची आहे. मी चार-पाच फूट ठेवतो आणि स्पीकरचं तोंड डबीच्या विरुद्ध दिशेला फिरवतो. डबी कोपऱ्यात भिंतीला चिकटून असेल तर तिला वीतभर पुढे ओढा, कारण भिंतीवरून परत येणारा आवाजही माइकवरच आदळतो. ही एवढी सरकवासरकव केली की निम्म्या घरांतली "ती ऐकतच नाही" ही तक्रार मिटते.

याच उशिराची आणखी एक गोष्ट. ब्लूटूथवर आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. गाण्यात ते कळत नाही. टीव्हीवरच्या माणसाचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत ते यामुळेच. तिथे पेअरिंग पुन्हा पुन्हा करून काही उपयोग नाही.

आवाज तुटतो म्हणून स्पीकरला दोष देणे

गाणं चालू असताना मध्येच कुरतडल्यासारखा आवाज येतो, शब्द गिळले जातात, मग पुन्हा नीट. बहुतेक लोक इथे स्पीकर खराब निघाला म्हणून दुकानात परत घेऊन जातात. दुकानात तो छान वाजतो, कारण दुकानात तुमचं स्वयंपाकघर नसतं.

ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. नेहमीचं ब्लूटूथ त्या पट्ट्यातल्या 79 लहान वाहिन्यांवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारत राहतं, आणि जिथे गोंगाट आहे त्या वाहिन्या टाळत जातं. बहुतेक वेळा हे चपळपण पुरतं. पण त्याच पट्ट्यात तुमचा वायफाय आहे, शेजारच्या फ्लॅटचा वायफाय आहे, वरच्या मजल्याचा आहे, आणि मायक्रोवेव्ह चालू असला की तोही तिथेच गोंगाट घालतो. सोसायटीत संध्याकाळी सातनंतर हा पट्टा भरून वाहत असतो. त्यामुळे सकाळी नीट वाजणारा स्पीकर रात्री अडखळतो.

आता घराकडे बघा. उघड्यावर साध्या ब्लूटूथची रेंज दहा मीटर धरतात. मध्ये काँक्रीटची भिंत आली की ती झपाट्यानं उतरते. लोखंडी कपाट मध्ये आलं तर आणखी. आणि पाणी या लहरी शोषून घेतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मावशीच्या घरी स्पीकर मांडणीवर स्टीलच्या डब्यांच्या रांगेमागे होता, आणि डबीच्या नि त्याच्या मधोमध ओट्यालगत पिण्याच्या पाण्याचं प्लॅस्टिकचं पिंप. सकाळी पिंप भरलं की गाणं अडखळायचं आणि संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं की बरं वाजायचं. मावशीनं स्वतःच हे निरीक्षण सांगितलं तेव्हा मला आधी पटलं नाही. मग पिंप दोन फूट बाजूला सरकवलं, स्पीकर डब्यांच्या पुढच्या रांगेत आणला, आणि त्या दिवसापासून तक्रार आली नाही. धातू लहरी अडवतो आणि परतवतो, पाणी त्या गिळतं. डबे आणि पिंप म्हणजे दोन्हींचा एकत्र बंदोबस्त.

दुसरा उपाय थोडा तांत्रिक आहे, पण सगळ्यात गुणकारी. तुमचा राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे देत असेल आणि डबी राउटरच्या जवळ असेल, तर डबीला 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. तिसऱ्या पिढीपासूनच्या एको डॉटला दोन्ही पट्टे चालतात. असं केलं की इंटरनेटवरून गाणं एका पट्ट्यातून येतं आणि ब्लूटूथनं दुसऱ्या पट्ट्यातून जातं. नाहीतर त्या छोट्याशा उपकरणाला एकाच अरुंद बोळातून गाणं आत घ्यायचं आणि त्याच बोळातून बाहेर पाठवायचं असतं. फक्त 5 गिगाहर्ट्झ भिंती फारशा पार करत नाही, म्हणून डबी आणि राउटर वेगवेगळ्या टोकांच्या खोल्यांत असतील तर हा बदल करू नका.

राउटर, डबी आणि स्पीकर हे तिघं एकाच फळीवर एकमेकांवर रचून ठेवलेले मी कितीतरी घरांत पाहिले आहेत. तारा लपतात म्हणून. कृपया तसं करू नका.

'वायरलेस' म्हणजे एकच काहीतरी, असं धरून चालणे

खोक्यावर वायरलेस लिहिलेलं असतं, पण ब्लूटूथ स्पीकर आणि वायफाय स्पीकर या दोन निराळ्या जाती आहेत. ब्लूटूथ स्पीकर डबीच्या मागे मागे चालतो. डबी बंद तर तो मुका. वायफाय स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो आणि सहाय्यक त्याला फक्त हुकूम देतो. सोनोससारखे स्पीकर अलेक्साला जोडताना पेअरिंग लागत नाही, त्यांचं 'स्किल' (दुसऱ्या कंपनीची सेवा अलेक्साला जोडणारी सोय) ॲपमध्ये सुरू करून दोन खाती एकमेकांना जोडावी लागतात. तिथे बटण दाबून दिवा लुकलुकायची वाट बघत बसलात तर तासभर जाईल.

वायफायच्या जातीत नेहमीची चूक म्हणजे स्पीकर एका नेटवर्कवर आणि सहाय्यक दुसऱ्यावर. अनेक राउटर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय देतात. त्या पाहुण्यांच्या वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी त्याची मुद्दाम रचना असते, आणि आपण सोपा पासवर्ड म्हणून स्पीकर नेमका तिथेच जोडलेला असतो.

सगळ्या खोल्यांत एकच गाणं लावायची हौस असेल तर हेही आधीच कळलेलं बरं: अलेक्साच्या 'मल्टी-रूम म्युझिक' गटात ब्लूटूथनं जोडलेला स्पीकर चालत नाही. लग्नघरात आदल्या रात्री चार स्पीकर आणून हे जुळवायला बसलेल्या मंडळींची दमछाक मी जवळून पाहिली आहे. त्यासाठी प्रत्येक खोलीत एको तरी हवा किंवा त्या गटात चालणारा वायफाय स्पीकर तरी.

दोन आवाज आहेत हे विसरणे

डबीचा आवाज वेगळा आणि स्पीकरचा वेगळा. अलेक्साचा आवाज शून्य ते दहा असा असतो. ती तीनवर असेल आणि स्पीकर पूर्ण वर असेल, तर गाणं बारीक आणि मागे सूं सूं. उलट ती दहावर आणि स्पीकर तळाशी, तर आवाज फाटतो. "अलेक्सा, व्हॉल्यूम सेव्हन" असं सांगून ती सातवर बांधून टाका आणि स्पीकरच्या बटणांनी सोयीचा आवाज लावा. रात्रीचं मात्र बघून ठेवा, नाहीतर पहाटेचं पहिलंच गाणं सगळ्या चाळीला उठवेल.

नाव, भाषा आणि परदेशातून आलेली डबी

एको भारतात 2017 साली आला तेव्हा अलेक्सा इंग्रजीतच बोलायची. हिंदी 2019 मध्ये आली. मराठी गाणी ती लावते, पण हुकूम इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो. म्हणून स्पीकरचं नाव हा वाटतो त्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. कंपनीनं दिलेलं नाव म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची माळ असते. ती म्हातारं माणूस कशी उच्चारणार? बऱ्याच स्पीकरना त्यांच्या कंपनीचं ॲप असतं आणि त्यातून नाव बदलता येतं. आधी नाव बदला आणि मग पेअर करा. दोन-तीन ठसठशीत अक्षरांचं, इंग्रजीत सहज ऐकू येणारं नाव निवडा. आमच्याकडे 'टायगर' आहे. "अलेक्सा, कनेक्ट टु टायगर" आईच्या तोंडात बसलं आणि एकदाही चुकलं नाही. डबीचं नाव 'किचन', स्पीकरचं 'किचन' आणि दिव्याचंही 'किचन' असं असेल तर ती कोणाला बोलावलं म्हणून विचारत बसते.

अमेरिकेतून मुलगा डबी घेऊन येतो, आई-वडिलांना पुण्यात लावून देतो आणि आठ दिवसांत परत जातो. त्यानंतर अडचणी सुरू होतात. डबी त्याच्याच तिकडच्या खात्यावर असते, त्यामुळे गाण्यांची सेवा तिकडची, हवामान तिकडचं, आणि ब्लूटूथची यादी उघडायची तर ॲप त्याच्या मोबाइलवर, कित्येक तास मागे. जाण्यापूर्वी डबी आई-वडिलांच्या नावच्या इथल्या खात्यावर घ्या, पत्ता आणि वेळ इथली टाका, आणि ॲप त्यांच्या किंवा जवळ राहणाऱ्या कोणाच्या मोबाइलवर ठेवा. अॅडॉप्टरवर '100-240' लिहिलेलं आहे का तेही बघा. असेल तर नुसता पिनचा जोड पुरतो.

लाइट गेल्यावर काय होतं, हे न बघणे

जोडून झालं, वाजलं, आणि आपण उठून गेलो. पण खरी परीक्षा लाइट जाऊन आल्यावर असते.

लाइट आली की डबी मिनिटभरात तयार होते. राउटरला इंटरनेट धरायला तिच्याहून जास्त वेळ लागू शकतो. तोपर्यंत डबी "इंटरनेट नाही" म्हणत राहते, आणि लोक घाईनं रिसेटचं बटण दाबून मोकळे होतात. पाच मिनिटं थांबा. इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि डबी दोन्ही त्याच्या लाइनवर घ्या.

स्पीकरचं निराळंच. बॅटरीवरचे बहुतेक स्पीकर काही मिनिटं आवाज आला नाही की बॅटरी वाचवायला स्वतःहून बंद होतात. सकाळी तुम्ही बोलावता तेव्हा तो झोपलेला असतो आणि डबी स्वतःच बोलते. काही स्पीकर पूर्ण बंद होत नाहीत, नुसते पेंगतात. त्यांचं लक्षण अगदी ओळखू येण्याजोगं आहे: उत्तराचा पहिला शब्द खाल्ला जातो. "वाजले आहेत" ऐकू येतं, किती ते नाही. आईनं औषधाची वेळ विचारावी आणि नेमका आकडाच गळावा, ही गैरसोय छोटी नाही. स्पीकरच्या ॲपमध्ये आपोआप बंद होण्याची वेळ बदलता येत असेल तर ती काढून टाका, आणि स्पीकर चार्जरला लावून ठेवा. तशी सोय नसेल तर तो स्पीकर या कामाचा नाही हे स्पष्ट मान्य करा आणि सहलीसाठी ठेवा.

सगळं पुसून टाकण्याची घाई

काहीच जमेना की फॅक्टरी रिसेट मारायचा, हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की लोक सुरुवातच तिथून करतात. डबी रिसेट केली की वायफाय गेलं, खातं गेलं, लावून ठेवलेले गजर गेले, आणि मूळ दोष मोबाइलनं धरलेल्या स्पीकरचा असेल तर तो तसाच राहतो.

त्याआधी एवढं करा. घरातल्या सगळ्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. स्पीकर बंद करा. डबीचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा. ॲपमधल्या ब्लूटूथ यादीतून स्पीकर 'फर्गेट' करा. स्पीकर पेअरिंगवर टाका, डबीपासून चार फुटांवर आणा आणि नव्यानं जोडा. वाजलं तर मोबाइल एक एक करून चालू करा. ज्याचं ब्लूटूथ लावल्यावर स्पीकर हातचा जातो, तोच दोषी. इतकं करूनही जमलं नाही तर स्पीकरची स्वतःची स्मरणयादी पुसा. दोन बटणं एकदम दाबून धरण्याची रीत त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. डबीच्या रिसेटची पाळी यानंतर, आणि ती क्वचितच येते.

जिथे तार बरी, तिथेही ब्लूटूथचा हट्ट

स्पीकर एकाच फळीवर वर्षानुवर्षं राहणार असेल, तर तो वायरलेस कशासाठी हवा, हा प्रश्न मी दिवाळीनंतर स्वतःला विचारला. आईचा स्पीकर कधीच जागचा हलत नाही. तो हलतो फक्त मोबाइलवाल्यांच्या हातात.

आमची डबी तिसऱ्या पिढीतली, तिला मागे साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे, इअरफोनची पिन बसते तसलं. चौथ्या पिढीच्या डॉटलाही ते आहे. पाचव्या पिढीच्या डॉटमधून ते काढून टाकलेलं आहे आणि एको पॉप या मॉडेललाही ते नाही, तेव्हा हा विचार असेल तर खरेदी करतानाच मागची बाजू बघून घ्या. तारेनं जोडताना दोन गोष्टी ध्यानात हव्यात. एक, तार खुपसली की डबीचा स्वतःचा आवाज बंद होतो. बाहेरचा स्पीकर बंद राहिला तर गजरही ऐकू येणार नाही. दोन, डबी आणि स्पीकर एकाच अॅडॉप्टरवर चालवले तर तारेतून गुणगुण ऐकू येऊ शकते. वेगवेगळे अॅडॉप्टर लावले की ती सहसा जाते.

मी डबी माजघरातून स्वयंपाकघरात आणली, फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, मध्ये पाच फुटांची तार टाकली आणि स्पीकर चार्जरवर कायमचा चालू ठेवला. स्पीकरच्या बटणांवर कापडी पट्टी चिकटवली, म्हणजे चुकून हात लागणार नाही. भाचीसाठी दुसरा छोटा स्पीकर आणला. आता आई पहाटे दाराशी उभी राहून वाक्य म्हणते, आणि चहाचं आधण ठेवेपर्यंत पखवाज सुरू झालेला असतो.